मेडल देशाचं, नोकरी सरकारची. आणि आवाज कुणाचा?

पिक्चर सुरू व्हायच्या आधी पडद्यावर तिरंगा फडकतो आणि आपण हातातला पॉपकॉर्नचा डबा खुर्चीवर ठेवून उभे राहतो. जळगाव असो नाहीतर धुळे, महाराष्ट्रातल्या थिएटरांमध्ये हे 2003 पासून चालत आलंय. त्यामुळे आज कॉलेजात असलेल्या तुमच्या पिढीला त्यात काही वेगळं वाटतच नाही. 52 सेकंद सरळ उभं राहायचं, मग बसायचं. शेजारचा बसूनच राहिला तर? लगेच मागच्या रांगेतून आवाज येतो. 2016 मध्ये गोव्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका लेखकाला, तो उभा राहिला नाही म्हणून, मागून मारलं गेलं होतं. त्याला उभं राहता येतच नाही, एवढं बघायलाही मारणारे थांबले नाहीत.

आता असं समजा, की उभा न राहणारा माणूस प्रेक्षक नसून खेळाडू आहे. अंगावर टीमची जर्सी आहे, समोर पन्नास कॅमेरे आहेत, आणि ज्याच्या पगारावर त्याचं घर चालतं तो मालक वर काचेच्या केबिनमध्ये बसून सगळं बघतोय. मग काय होईल?

अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडलं. ऑगस्ट 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्स या टीमचा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक राष्ट्रगीत चालू असताना बाकावर बसून राहिला. कृष्णवर्णीय लोकांवर पोलिसांकडून होणाऱ्या अत्याचाराचा निषेध, हे त्याचं कारण. काही दिवसांनी नेट बॉयर नावाच्या एका माजी सैनिकाशी तो बोलला. बॉयरचं म्हणणं असं, की बसण्यापेक्षा गुडघा टेक. आम्ही सैनिक मेलेल्या सोबत्यापुढे गुडघाच टेकतो. म्हणजे जगभर गाजलेली ती पोज एका सैनिकाच्या सल्ल्यातून आली. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये हा भाग कधी येत नाही.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. सप्टेंबर 2017 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भर सभेत सांगितलं, की अशा खेळाडूंना मालकांनी हाकलून द्यावं. तोवर केपर्निक टीमबाहेर गेलेलाच होता. मार्च 2017 मध्ये तो करारातून बाहेर पडला, कारण टीम त्याला तसंही काढणार हे दिसत होतं. त्यानंतर 32 पैकी एकाही टीमने त्याला घेतलं नाही. कुणी त्याला ‘तू गुडघा टेकलास म्हणून नको’ असं लिहून दिलं नाही. फोन यायचे बंद झाले, एवढंच. मालकांनी संगनमत केलं अशी तक्रार त्याने केली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. जून 2020 मध्ये लीगचे प्रमुख रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली, असं कबूलही केलं. पण केपर्निकचा शेवटचा सामना 1 जानेवारी 2017 चाच राहिला.

ही अमेरिकेची गोष्ट. आपल्याकडे नावाजलेल्या खेळाडूने राष्ट्रगीताच्या वेळी असं काही केल्याचं उदाहरण तुम्हाला पटकन आठवणार नाही. म्हणून आपल्याला वाटतं, हा प्रश्न आपला नाहीच. माझं मत उलटं आहे. हा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड आहे, फक्त तो पोडियमवर न दिसता फुटपाथवर दिसतो.

जिच्यासाठी राष्ट्रगीत वाजलं, ती

5 ऑगस्ट 2022. बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ स्पर्धा. 62 किलो वजनगटाच्या फायनलमध्ये साक्षी मलिकने कॅनडाच्या मल्लाला चीतपट केलं आणि सुवर्ण जिंकलं. पोडियमवर ‘जन गण मन’ सुरू झालं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला होता. कदाचित तुमच्याही.

28 मे 2023. तीच साक्षी दिल्लीच्या रस्त्यावर. नव्या संसद भवनाचं उद्घाटन त्याच दिवशी होतं, आणि तिकडे मोर्चा नेणाऱ्या साक्षी, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया यांना पोलिसांनी ओढत गाडीत घातलं. त्या फोटोंमध्ये जमिनीवर पडलेल्या मल्लांच्या हातात तिरंगा आहे. दोन प्रसंगांमध्ये दहा महिनेसुद्धा नाहीत.

मधल्या काळात काय झालं? जानेवारी 2023 मध्ये जंतरमंतरवर धरणं सुरू झालं. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भाजपचे तेव्हाचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे आरोप केले. सिंह यांनी ते सगळे फेटाळले. चौकशी समिती नेमली गेली, मल्ल घरी गेले, काही हाती लागलं नाही म्हणून 23 एप्रिलला परत येऊन बसले. सुप्रीम कोर्टात प्रकरण गेल्यावर, 28 एप्रिलला, दिल्ली पोलिसांनी गुन्हे नोंदवले. 15 जूनला आरोपपत्र दाखल झालं आणि मे 2024 मध्ये कोर्टाने आरोप निश्चित केले. अल्पवयीन मल्लाच्या तक्रारीवरचं पॉक्सोचं वेगळं प्रकरण मे 2025 मध्ये कोर्टाने बंद केलं. यात कोण दोषी, हे कोर्ट ठरवेल. आपला मुद्दा वेगळा आहे.

मुद्दा हा, की हे तिघेही त्या वेळी रेल्वेचे कर्मचारी होते. उत्तर रेल्वेत ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी. आता जरा साखळी बघा. पगार रेल्वे देते, आणि रेल्वे केंद्र सरकारची. परदेशी सरावाला पैसे क्रीडा मंत्रालय देतं, तेही केंद्र सरकारचं. निवड महासंघ करतो, त्याचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा खासदार. मोर्चा अडवणारे दिल्ली पोलिस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाताखाली. केपर्निकचा मालक एक, ज्यांच्याविरुद्ध तो बोलला ते पोलिस दुसरे आणि राष्ट्राध्यक्ष तिसरा. इथे पगार, निवड, पुरस्कार आणि लाठी या सगळ्यांचा पत्ता जवळपास एकच. अशा माणसाने तोंड उघडायचं म्हणजे किती दारं एकदम बंद होऊ शकतात, विचार करा.

5 जून 2023 ला बातमी आली की साक्षी आणि बाकीचे रेल्वेच्या ड्युटीवर रुजू झाले. लगेच टीव्हीवर पट्ट्या: आंदोलन संपलं! साक्षीला स्वतः सांगावं लागलं, की आंदोलन सुरूच आहे, सोबत रेल्वेतली जबाबदारीही पार पाडतेय. एका नोकरदार माणसासाठी हे किती साधं वाक्य आहे! आपल्या घरातले एसटीतले काका, झेडपी शाळेतल्या मावशी वर्षानुवर्षं हेच करतात. सकाळी मोर्चा, दुपारी ड्युटी. पण खेळाडूने केलं की ते माघार ठरतं, कारण खेळाडू नोकरी करतो हेच आपल्या डोक्यात नसतं. आपल्याला तो फक्त पोडियमवर दिसतो.

आणि टीका कुणाकडून आली, तेही बघा. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा म्हणाल्या, की रस्त्यावर बसणं हे बेशिस्तीचं आहे आणि त्याने देशाची प्रतिमा मलिन होते. उषा स्वतः दक्षिण रेल्वेत नोकरी केलेल्या खेळाडू. त्या नंतर जंतरमंतरवर जाऊन मल्लांना भेटल्या हेही खरं. पण ‘देशाची प्रतिमा’ हा शब्द लक्षात ठेवा. अमेरिकेत केपर्निकला गप्प करायला राष्ट्रगीत वापरलं गेलं. आपल्याकडे त्याच कामाला प्रतिमा येते. 30 मे रोजी मल्ल आपली पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला पोचले तेव्हा मात्र ही प्रतिमा नेमकी कुणी घडवली होती, याचं उत्तर देणं भल्याभल्यांना जड गेलं.

बोलले कोण? नीरज चोप्रा बोलला. तो तेव्हा लष्करात नोकरीवर होता, आणि लष्कराइतकी कडक शिस्त दुसऱ्या कुठल्या नोकरीत असेल असं वाटत नाही. तरी तो बोलला, आणि त्याचं कुणी काही बिघडवलं नाही. जून 2023 मध्ये 1983 च्या वर्ल्डकप विजेत्या संघाच्या नावाने मल्लांच्या बाजूने पत्रक निघालं, तेव्हा त्याच संघातले रॉजर बिन्नी यांनी, ते त्या वेळी बीसीसीआयचे अध्यक्ष असल्यामुळे, आपण असं काही म्हटलेलं नाही असा खुलासा केला. खेळत असलेले मोठे क्रिकेटपटू तर बहुतेक गप्पच. करोडोंची कमाई असलेला गप्प आणि पगारदार सुभेदार बोलतो, याचा अर्थ पैशाने धाडस विकत मिळत नाही. उलट जितके करार जास्त तितके साहेब जास्त.

गुडघा टेक, हा हुकूम आहे

आता गंमत बघा. भारतीय क्रिकेट संघानेही गुडघा टेकलेला आहे! 24 ऑक्टोबर 2021, दुबई, टी-20 वर्ल्डकप, समोर पाकिस्तान. तुम्ही नक्की पाहिला असेल तो सामना (आठवण काढायची इच्छा नसेल तरी). पहिला चेंडू पडायच्या आधी आपल्या खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकला. नंतर विचारलं तेव्हा कप्तान विराट कोहलीने सांगितलं, की व्यवस्थापनाने आम्हाला तसं कळवलं होतं. बस. कुणाचं करिअर संपलं नाही, कुणी देशद्रोही ठरलं नाही. केपर्निकचा गुडघा आणि हा गुडघा दिसायला सारखाच. फरक एवढाच, की एक साहेबाच्या परवानगीने होता आणि दुसरा परवानगीशिवाय.

दोनच दिवसांनी याच स्पर्धेत उलटी गोष्ट घडली. दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डाने सामन्याच्या दिवशी सकाळी फर्मान काढलं, की सगळ्यांनी गुडघा टेकायचा. क्विंटन डी कॉक सामन्यातूनच बाहेर पडला. सगळीकडून टीका झाल्यावर त्याने माफी मागितली आणि म्हटलं, की माझ्या घरातच वेगवेगळ्या वर्णाची माणसं आहेत, मला समतेबद्दल काही शिकवायची गरज नाही. पण ज्या पद्धतीने हुकूम आला त्यात माझा हक्क काढून घेतल्यासारखं वाटलं. पुढच्या सामन्यात तो खेळला, गुडघाही टेकला.

केपर्निक तुम्हाला पटत असेल आणि डी कॉक पटत नसेल, किंवा उलट. पण मालकाच्या बाजूने बघितलं तर दोघांचा गुन्हा एकच होता: सांगितलं तसं केलं नाही. मला तरी या सगळ्या वादाचं मूळ इथे दिसतं. राष्ट्रगीत, झेंडा, वर्णद्वेष ही भांडणाची वरची साल. आत प्रश्न असा आहे, की पगार देणाऱ्याने खेळ विकत घेतलाय की खेळणाऱ्याचं शरीर, गुडघा आणि जीभसुद्धा?

इराणच्या फुटबॉलपटूंचं तर त्याहून वाईट. 2022 च्या वर्ल्डकपमध्ये, मायदेशात महिलांचं आंदोलन पेटलेलं असताना, इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात संघाने राष्ट्रगीत म्हटलं नाही. नुसते ओठ मिटून उभे राहिले. चारच दिवसांनी वेल्सविरुद्ध ओठ हलले. मधल्या चार दिवसांत काय झालं असेल याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

ऑलिंपिकचा नियमही माहीत असू द्या. 1968 मध्ये मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी राष्ट्रगीताच्या वेळी काळे हातमोजे घातलेली मूठ वर केली आणि त्यांना घरी पाठवलं गेलं. ऑलिंपिक चार्टरच्या नियम 50 ने मैदानावर राजकीय निदर्शनं करायला बंदी आहे. 2021 मध्ये तो थोडा सैल झाला: स्पर्धा सुरू व्हायच्या आधी मत दाखवता येतं, पण पोडियमवर आणि राष्ट्रगीताच्या वेळी नाही.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे 1971 चा राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणारा कायदा आहे. राष्ट्रगीत म्हणणाऱ्यांना मुद्दाम अडवणं किंवा त्या सभेत गोंधळ घालणं हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण न म्हणणं हा गुन्हा आहे का? 1985 मध्ये केरळातल्या तीन शाळकरी भावंडांना यावरूनच शाळेतून काढलं होतं. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. ऑगस्ट 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. शांतपणे उभं राहणं हा अपमान होत नाही आणि म्हणायलाच हवं असा कायदाही नाही, असा त्या निकालाचा अर्थ. थिएटरमध्ये राष्ट्रगीत सक्तीचं करणारा नोव्हेंबर 2016 चा आदेशही कोर्टाने जानेवारी 2018 मध्ये बदलला आणि ते वाजवणं ऐच्छिक केलं.

नोकरदारांसाठी महत्त्वाचा निकाल याहून जुना, 1962 चा, बिहारमधल्या कामेश्वर प्रसाद खटल्यातला. सरकारी कर्मचाऱ्यांना सगळ्याच प्रकारच्या निदर्शनांची बंदी घालणारा नियम कोर्टाने रद्द केला. संप करणं हा मूलभूत हक्क नाही, पण शांततेने निदर्शन करणं हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, आणि सरकारी नोकरी घेतली म्हणून माणूस नागरिक असायचा थांबत नाही, अशी त्यामागची भूमिका. रेल्वेचे वर्तणूक नियम 1966 चे आहेत. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, राजकीय पक्षात जायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. पण महासंघाच्या अध्यक्षाने छळ केला ही तक्रार म्हणजे सरकारच्या धोरणावर टीका कशी? ती गुन्ह्याची तक्रार आहे. शेतात चोरी झाली म्हणून पोलिस पाटलाकडे गेलेल्या माणसाला तुम्ही सरकारविरोधी म्हणाल का?

इथे रेल्वेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. महिनाभराहून जास्त फुटपाथवर बसूनही या तिघांची नोकरी गेली नाही. खासगी करार असता तर? वर्ष संपलं की ‘रिन्यू करत नाही’ एवढा एक मेल पुरला असता. राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतं, कंपनीविरुद्ध नाही. अमेरिकेतही तसंच, म्हणून केपर्निकला घटनेचा काही उपयोग झाला नाही. सरकारी नोकरीत कायम माणसाला चौकशीशिवाय काढता येत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये विनेश आणि बजरंग काँग्रेसच्या वाटेवर असताना रेल्वेने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली, यावर तेव्हा खूप आरडाओरड झाली. माझ्या मते ती नोटीस नियमाला धरून होती. निवडणूक लढवायची तर नोकरी सोडावी लागते. त्यांनी ती सोडली, विनेश पुढच्या महिन्यात जुलान्यातून आमदार झाली. साक्षी मात्र राजकारणात गेली नाही. डिसेंबर 2023 मध्ये महासंघाच्या निवडणुकीत ब्रिजभूषण यांचे निकटवर्ती संजय सिंह निवडून आल्यावर तिने पत्रकार परिषदेत बूट काढून टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली.

आपल्या तालमीतली गोष्ट

तुम्ही म्हणाल, दिल्लीची भांडणं आम्हाला कशाला? तर आपल्याकडे मैदानावर सकाळी पाचला कोण धावतं ते बघा. शिवतीर्थावर, गरुड मैदानावर, गावोगावच्या तालमींत घाम गाळणाऱ्या दहा पोरापोरींना विचारलं तर ऑलिंपिकचं नाव दोघं घेतील. बाकीचे पोलिस भरती, एसआरपी, रेल्वे, सैन्य म्हणतील. धुळ्यात राज्य राखीव दलाचा गट क्रमांक 6 आहे, भुसावळला मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढे पोलिस उपअधीक्षक. त्याच्यामुळे आपल्या भागातल्या किती बापांनी पोराला खुराक लावला असेल याचा हिशोब नाही. जळगावात जैन इरिगेशनसारख्या कंपनीने कॅरम, बुद्धिबळ, क्रिकेटच्या खेळाडूंना पाठबळ दिलं. कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे ज्या मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, तीच आपल्या भुसावळची रेल्वे. 2015 पासून नोकरीत असलेल्या स्वप्निलची बढती पॅरिसच्या कांस्यपदकानंतर लगेच जाहीर झाली. पदकाआधी फाइल आणि पदकानंतर फाइल, दोघींच्या वेगाबद्दल मी काय बोलू!

खेळ म्हणजे आपल्याकडे नोकरीचा रस्ता, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. कोरडवाहू शेतीतून बाहेर पडायचे रस्ते तरी किती? पण म्हणूनच हा प्रश्न आपला आहे. ज्या मुलीच्या घरातला पहिला सरकारी पगार तिच्या कबड्डीतून येणार आहे, तिच्याशी शिबिरात कुणी गैरवागणूक केली तर ती बोलेल? सर्टिफिकेटवर सही त्याच माणसाची, निवड समितीत बसणारा तोच, आणि घरी आई सांगणार, ‘बाई, नोकरी लागू दे, मग काय ते बोल.’ नोकरी लागली की वर्तणूक नियम हातात पडणार. बोलायची वेळ नेमकी कधी येते, सांगा बरं.

नोकरी की निषेध हा पेच खानदेशात नवा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 पासून शिकवणारे साने गुरुजी 1930 मध्ये सत्याग्रहात उतरले तेव्हा आधी शाळा सोडून बाहेर पडले आणि मग धुळ्याच्या तुरुंगात गेले. त्यांच्यापुढचा मार्ग स्वच्छ होता: परक्या सरकारशी लढायचं तर मास्तरकी सोडायची. 1942 मध्ये नंदुरबारला हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालणाऱ्या शिरीषकुमारवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो शाळकरी मुलगा. तेव्हा झेंडा हातात घेणं हाच निषेध होता. आज सरकार आपलं, झेंडा आपला, राष्ट्रगीत आपलं. मग तक्रार करायला राजीनामा का द्यावा लागावा? गुरुजींना जे परक्या राज्यात करावं लागलं तेच साक्षीला स्वतःच्या देशात बूट काढून करावं लागलं, हे मला खुपतं.

मग मालकाने काय करायचं? सगळं मोकळं सोडायचं का? तसंही नाही. सामना चालू असताना खेळाडूने खेळावं, रेल्वेच्या वर्दीत पक्षाचा प्रचार करू नये, ही अपेक्षा वाजवी आहे. 1996 मध्ये अमेरिकेत महमूद अब्दुल रऊफ या बास्केटबॉलपटूने राष्ट्रगीताला उभं राहायला नकार दिला. लीगने त्याला एका सामन्यापुरतं निलंबित केलं, मग दोन्ही बाजू बोलल्या आणि ठरलं, की तो उभा राहील, पण डोळे मिटून स्वतःची प्रार्थना म्हणेल. त्याचं पुढचं करिअर फार चाललं नाही, म्हणून ही सुखान्त गोष्ट नव्हे. पण त्या दोन दिवसांत मालक आणि नोकर समोरासमोर बसले, एवढं तरी झालं.

बोलायची जागा आत असेल तर रस्त्यावर यावं लागत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे आणि तो क्रीडा संस्थांनाही लागू आहे. मल्लांचं आंदोलन पेटल्यावर, मे 2023 मध्ये, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटिसा काढल्या, कारण 30 पैकी निम्म्या राष्ट्रीय क्रीडा महासंघांमध्ये या कायद्याप्रमाणे नीट अंतर्गत तक्रार समितीच नव्हती. दहा वर्षं कायदा कागदावर! ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात खेळाडूंची स्वतःची समिती, तक्रार निवारणाची व्यवस्था आणि क्रीडा न्यायाधिकरण आहे. महासंघाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला खेळाडूला आता वेगळी जागा मिळणार. ती जिल्ह्याच्या संघटनेपर्यंत कधी पोचते ते दिसेलच.

तोवर दोन कामं करता येतील. भरतीची ऑर्डर हातात आली की पेढे वाटायच्या आधी सोबतचे वर्तणूक नियम वाचा. दहा-पंधरा पानं असतात, नेटवर मराठीतही मिळतात. राज्य सरकारने जुलै 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडियाबद्दल वेगळा आदेशही काढलाय, म्हणजे इन्स्टावर काय टाकता हाही आता नोकरीचा विषय झाला. आणि उद्या कॉलेजला गेलात की जिमखान्याच्या नोटीस बोर्डाकडे जा. अंतर्गत तक्रार समितीची नावं आणि फोन नंबर तिथे लावलेले असायला हवेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं वेळापत्रक आणि ट्रॅकसूटच्या मापांची यादी तर नक्की असेल. त्यांच्या शेजारी हा कागद आहे का, ते बघा. नसला तर प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहायला फक्त एक पेन लागतं, आणि विद्यार्थ्याला अजून वर्तणूक नियम लागू झालेले नसतात.